भांडं

सव्वातीनला सुरू झालं.
आधी एक ठोका चुकला, जिन्यात अजून एक पायरी आहे समजून
पाय टाकावा आणि ती नसावी, तसा.
मग छातीत कुणीतरी पिठाची गिरणी चालू केली.

घड्याळ म्हणालं १८४.
मग १९१.
मग मी घड्याळ मनगटावरून काढून तांदळाच्या डब्यात टाकलं.

डंडीत रात्रभर धुकं. टे नदी नाही, पूल नाही,
समोरच्या इमारतीतला तो न झोपणारा दिवाही नाही.
यशोधन उत्तर समुद्रात, पवनचक्क्यांच्या बोटीवर.
गुरुवारी येणार.

शिकवलंय तसं करते.
रिकाम्या सिरिंजमध्ये फुंकायचं, दट्टा हलेपर्यंत,
मग आडवं होऊन पाय वर.
दट्टा हलतो.
गिरणी चालूच.

मग बर्फाचं पाणी.

हे भांडं आईनं बॅगेत कोंबलं तेव्हा मी भांडले होते,
तेवीस किलोंत पातेलं कोण नेतं?
काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलंय:
चि. मृणालीनी हिस, स्कॉलरशिपबद्दल, वनूमावशी, ९-७-९३.
(मला कंपासपेटी हवी होती.)
'ली' दीर्घ पडलाय. मावशी दुकानदाराला खूप बोलली
आणि पाच रुपये कमी देऊन आली.

मधल्या दिवसांचं कुणाला सांगू?
काहीच होत नाही, त्या दिवसांचं.
कौन्सिलात पार्किंगच्या दंडाची पत्रं टाइप करताना
दोन बोटं मनगटावर,
बसस्टॉपवर मफलर नीट करायच्या निमित्तानं मानेवर.
एकदा चोर येऊन गेला
की माणूस रात्रभर उठून कडी बघतो, तशी मी मला बघते.
बघून बघून
कडीच ढिली झालीय.

"जिवाला धोका नाही," डॉ. ओगिल्वी म्हणाल्या,
"वायरिंगमध्ये एक जादा वाट आहे, जन्मापासूनची."
मग चाळीस वर्षं कुठे होती ती वाट?
त्या हसल्या. मीही हसले.
बाविसाव्या नंबरच्या बसमध्ये, वरच्या मजल्यावर, रडले.

वरच्या फ्लॅटमधली इशबेल, वय एकोणऐंशी, पेसमेकरवाली, सांगते,
माझं व्हायचं ना, वॉशिंग मशीनमध्ये एकच बूट फिरतोय तसं.
"घाबरायचीस?"
"घाबरायचे की. मग कंटाळा आला."
"किती वर्षांनी?"
तिनं बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटलं,
आणि बराच वेळ ती ते चमच्यानं शोधत राहिली.

श्वास भरून घेते. तोंड बुडवते.
कपाळाचा दगड होतो. कानात नुसता बर्फाचा कटकट आवाज.
बाहेर अंगठा टिंबं चाचपत चाललाय,
मृ, णा, ली, त्या चुकलेल्या दुसऱ्या वेलांटीवर येऊन
थांबतो.
सात. आठ.

आणि मग काहीच नाही.
एवढीशी पोकळी,
पण तिच्यात माझी सगळ्यांची नावं घेऊन झाली,
वीजबिल भरायचं राहिलंय हेही आठवलं.
मग धप्.
जरा थांबून, धप्.
उशिरा कामावर आलेल्या माणसासारखं, मान खाली घालून.

जीव भांड्यात पडला, म्हणतात.
लहानपणी मी विचारायचे, कुठल्या भांड्यात?
कुणी सांगितलं नाही.
हे. पाच लिटरचं, एका बाजूनं पोचलेलं,
नाकातून टपकणारं पाणी त्याच्यातच परत पडतंय.

सकाळी आईचा फोन.
झोप झाली? झाली.
आवाज का असा? धुकं आहे, आई.
ते भांडं वापरतेस ना गं, का दिलंस कुणाला?
वापरते.

पाणी ओतून त्यातच कणीक मळायला घेतली.
आज नाही बघायचं, म्हणाले. दुपारपर्यंत तरी नाही.
हात धुवायला नळाखाली धरला,
तर डाव्या मनगटावर
पिठाचे दोन ठसे.